नेदोनं न पाहिलेलं चित्र

माझं माहेर इतकं जवळ आहे की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली तर माझा भाऊ वास्को तिकडून ओ देतो. आणि तरी माझा नवरा नेदो लग्न झाल्यापासून यंदापर्यंत एकदाही तिकडे फिरकला नव्हता. भांडण वगैरे काही नाही. तो कासव पेठेचा, मी गोगलगाय पेठेची, एवढंच.

इटलीतल्या आमच्या ह्या सिएना गावात प्रत्येक पेठेला आपलं निशाण, आपलं चर्च आणि उन्हाळ्यातल्या शर्यतीला आपला घोडा. शर्यतीच्या दिवशी घोड्याला चर्चमध्ये आणतात, पाद्री त्याच्यावर पाणी शिंपडतो आणि सांगतो, ‘जा, आणि जिंकून परत ये.’ तेवढ्यात घोड्यानं आतच लीद टाकली तर त्याच्यासारखा शकुन नाही. चांगले कोट घातलेले वकील एकमेकांना मिठ्या मारतात. शर्यतीच्या दिवसांत मी बॅग भरून माहेरी जाते, कारण त्या दिवसांत एका घरात राहिलो तर आमच्यात खून पडेल. कासव आणि गोगलगाय वेगावरून भांडतात म्हणून बाहेरची माणसं हसतात. मग नेदो त्यांच्याकडे बघतो आणि ती गप्प बसतात.

नेदो गाईड आहे. हिरवी छत्री उंच धरून तो पुढे चालतो, मागे टोळकं, आणि सगळ्यात शेवटी मी. कुणी आइस्क्रीमच्या दुकानात घुसलं की त्याला हाकलून आणणं हे माझं काम. चर्चमधली जुनी चित्रं नेदोनं सांगावीत आणि लोकांनी ऐकावीत. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्रापुढे तो ताटात काय काय वाढलंय ते असं सांगतो की लोक चित्र सोडून जेवायलाच पळतात. मेरीच्या कुठल्याही चित्रात त्याला त्याची एखादी मावशी दिसते. मावश्या भरपूर आहेत, चित्रंही भरपूर आहेत, चाललंय.

फक्त आमच्या गोगलगाय पेठेचं चर्च तो दाखवत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, “तिथे दुरुस्ती चालू आहे.” कसली डोंबलाची दुरुस्ती! तो हे सांगत असताना पलीकडे वास्को चर्चची पायरी झाडत असतो. चर्चच्या किल्ल्या वास्कोकडे असतात, आणि त्यामुळे तो स्वतःला पोपच्या खालोखाल समजतो.

त्या चर्चमध्ये एकच चित्र आहे, पण काय चित्र आहे! तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेत. राजे, नोकरचाकर, घोडे, नुसती झुंबड. कुणी काढलं ते ठाऊक नाही. खाली कोपऱ्यात एक तपकिरी, गोलसर, वेटोळ्यासारखं काहीतरी आहे, आणि ती गोगलगाय आहे हे आमच्या पेठेत पोरंसोरंही शपथेवर सांगतात. माझा बाप्तिस्मा त्या चित्राखाली झाला. माझी आई गेली तेव्हा तिची शवपेटी त्याच चित्रासमोर ठेवली होती. नेदो तेव्हा हॅट हातात घेऊन कोपऱ्यावर उन्हात उभा होता, आपल्या पेठेची हद्द दाखवणाऱ्या भिंतीवरच्या दगडी कासवाखाली. रडला तो, माझ्यापेक्षा जास्तच रडला. पण कोपऱ्यावर.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. ह्या माणसानं एकदा, फक्त एकदा, माझ्याबरोबर आत येऊन ते चित्र बघावं. मी काही सोन्याच्या बांगड्या मागत नव्हते. पण शब्द काढला की हा कान खाजवत म्हणायचा, “बघू गं फोस्का.” हा बघू म्हणाला की ती गोष्ट होत नसते.

यंदा बेर्गामोहून एक मंडळ येणार होतं, खास आमच्या चर्चमधलं चित्र बघायला. टूर पाठवणाऱ्या ऑफिसनं नेदोला बजावलं, ‘ते चित्र दाखवा, नाहीतर पुढची मंडळं दुसऱ्या गाईडकडे.’ नेदोचा चेहरा उतरला. सूप तसंच ठेवून उठला. मला वाटलं, आता गाडी रुळावर येणार. पण सकाळी हा खुशीत.

“कानातली यंत्रं आहेत ना,” म्हणाला. “तू त्यांना आत ने. मी कोपऱ्यावरून माइकवर सांगतो. आवाज पोचतो तिथपर्यंत.”

“न बघता सांगणार?”

“पुस्तकात फोटो आहे.”

“नेदो, लाज आहे का काही?”

“आहे ना. म्हणूनच आत जात नाही.”

अशा माणसाला काय करायचं, तुम्हीच सांगा.

तर मंडळ आत, मी आत, नेदो कोपऱ्यावर, त्याच दगडी कासवाखाली. वास्कोनंही एक यंत्र मागून घेतलं. “बघू तर खरं, दाजी काय दिवे लावतात,” म्हणाला आणि ते कानात अडकवून हाताची घडी घालून उभा राहिला.

आणि नेदो सांगायला लागला. काय सांगितलं हो त्यानं! “थोरल्या राजाकडे बघा. मुकुट खाली ठेवलाय, म्हातारे गुडघे टेकलेत. बाळाच्या पायाला हात लावायला वाकलाय, पण हात अजून लागलेला नाही. बोटभर अंतर राहिलंय. एवढा लांबून आला, आणि शेवटच्या बोटभर अंतराला घाबरला बिचारा.” मंडळ एक पाऊल पुढे सरकलं. वास्कोनंही हाताची घडी सोडली. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्याचं बोटभर अंतर बरोबर कळतं ह्याला.

नेदोनं गोष्ट संपवली. मंडळातल्या पेझेन्तीबाई, जाड भिंगांच्या, पुढे झाल्या. “हे खाली कोपऱ्यात काय आहे?”

“गोगलगाय,” वास्को छाती काढून म्हणाला.

मी बाईंच्या शेजारी जाऊन हळूच म्हटलं, “तुम्हाला खरंच गोगलगाय वाटते? पाठ बघा नीट. रुंद आहे की नाही?”

बाई वाकल्या. “रुंद आहे खरी. कासवासारखी.”

वास्को म्हणतो, मी त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. म्हणू दे.

मी दारात जाऊन हाक मारली, “नेदो! ह्या बाई म्हणतात, खाली कासव आहे!”

कोपऱ्यावर छत्री हलली. मग ती छत्री रस्ता ओलांडून यायला लागली. उंबऱ्यापाशी थांबली. नेदोनं माझ्याकडे बघितलं, आत बघितलं, हॅट काढली आणि आला आत. सरळ चित्राखाली जाऊन त्यानं गुडघे टेकले.

“कासवच आहे,” म्हणाला.

“दाजी, डोळे तपासा. गोगलगाय आहे.” वास्कोही शेजारी टेकला.

“हे पाय दिसत नाहीत?”

“ती शिंगं आहेत.”

“शिंगं खाली असतात होय रे?”

मोबाइलचा उजेड पाडून दोघं डोक्याला डोकं लावून असे भांडत होते की बेर्गामोकरांनी चित्राचे सोडून ह्यांचेच फोटो काढले. बाहेर गल्लीत ही बातमी पसरली असणार, कारण दारात आमची अर्धी पेठ जमली.

पेझेन्तीबाईंनी एव्हाना भिंगं पुसून परत लावली होती. त्या मान वर करून म्हणाल्या, “अहो, पण ह्याच्या बरोब्बर वर घोड्याचं ढुंगण आहे.”

दोघांनी वर बघितलं. दारातल्या सगळ्यांनी वर बघितलं. घोडा होता. शेपूट उचललेली होती. आमची सगळी पेठ आजवर त्या वेटोळ्याकडे खाली बघत आली, वर बघायचं कुणालाही सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

“लीद,” नेदो म्हणाला.

वास्कोचा चेहरा क्षणभर पडलाच. मग एकदम उजळला. “म्हणजे चर्चमध्ये लीद! आमच्या चर्चमध्ये! शेकडो वर्षं!”

“एवढा शकुन घरात ठेवून तुम्ही हरता?” नेदोनं विचारलं. “कमाल आहे तुमची.”

दारातून कुणीतरी ठेवणीतली शिवी हासडली, पण हसत. वास्को उठून बाहेर जमलेल्यांना शकुनाचं सांगायला गेला. नेदो उठला नाही. तो तसाच गुडघ्यावर, मान वर करून चित्र बघत राहिला. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

“फोस्का,” तो हळू म्हणाला, “लागलाय गं.”

“काय लागलंय?”

“राजाचा हात. पायाला लागलाय. पुस्तकातला फोटो काळा आहे, त्यात दिसत नाही. अंतर नाहीच आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “तुझ्या आईच्या वेळेला मी इथे आत असायला हवं होतं. गाढव आहे मी.”

माइक चालूच होता. सगळ्या मंडळाच्या कानात गेलं, पेझेन्तीबाई रुमाल काढून भिंगं परत पुसायला लागल्या. आणि दारात वास्को बोलता बोलता थांबला, कानातल्या यंत्रावर हात ठेवून. मला रडू आलं, आणि ते मी मुळीच लपवलं नाही.

निघायच्या वेळी पंचाईत झाली. दारात सगळ्या गोगलगायी, मध्ये एकटा कासव, हॅट छातीशी धरून. कुणी वाट देईना. तेव्हा वास्को पुढे झाला, त्यानं दारापाशी असलेल्या पवित्र पाण्याच्या कुंडात बोटं बुडवली, पाद्री घोड्यावर शिंपडतो तसं नेदोवर पाणी शिंपडलं आणि त्याच सुरात म्हणाला, “जा, आणि परत ये.”

‘जिंकून’ तेवढं त्यानं गाळलं.