वहीतलं विरजण

माझी सून दह्याच्या जंतूंना कडी घालते. चारचौघींत असं सांगितलं की बायका म्हणतात, म्हातारीचा स्क्रू ढिला झाला. पण समजावलंय तिनंच. प्लाझमिड म्हणजे डीएनएची बारीकशी गोल कडी. तिच्यात हवा तो गुण ओवायचा नि ती जंतूच्या पोटात सरकवायची.

"आणि तो गपगुमान घेतो?"

"कुठला, आई. भिंत जाड त्याची. विजेचा झटका द्यावा लागतो, मग क्षणभर भोकं पडतात."

सून नऊ वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस. त्यातली तीन वर्षं झटके दिले. निम्मे जंतू मरायचे, उरलेले कडी घ्यायचे नाहीत. मोठ्या पदव्यांनी हात टेकले. एकदा मी कोमट दुधाला विरजण लावून भांडं झाकलं, तर ही झाकण उचलून बघायला गेली. मी हातावर चापट मारली.

"आत्ताच लावलंय. हलवलंस तर लागायचं नाही."

तिनं झाकण सोडलं आणि कामाची वही काढली. प्रयोगशाळेत झटक्यानंतर जंतू तासभर हलवत ठेवायचे आणि लगेच जंतू मारायच्या औषधाच्या थाळीवर पसरायचे; कडी घेतलेलाच तिथं तगतो. हिनं ते साखर घातलेल्या कोमट दुधात पाच तास ठेवले, अजिबात न हलवता. मग थाळीभर जंतूंचे ठिपके उगवले, सगळे कडीवाले. वहीत तिनं लिहिलं, "झटक्यानंतर विरजण लावणे."

तिच्या प्रयोगशाळेच्या साहेबांचा या रीतीवर लेख छापून आला. नावं चार, हिचं एकही नाही. तळाशी "कर्मचाऱ्यांचे आभार". घरातल्या आनंदावर विरजण पडलं ते असं.

दोन महिन्यांत तीन ठिकाणांहून पत्रं आली, तुमची रीत आमच्याकडे चालत नाही. साहेबांनी हिला बोलावलं. वहीतली ती ओळ त्यांनी वाचली होती, पण घरची आठवण टिपून ठेवलीय असं समजून लेखातून गाळली होती. नऊ वर्षं जिच्या हातचं काम खाल्लं, तिची वही या माणसानं बाजाराच्या यादीसारखी चाळली. मी असते तर तिथंच चार शब्द सुनावले असते.

"तेवढं विरजण काय ते लिहून द्या," साहेब म्हणाले.

"देते, सर. त्यावर माझं नाव घाला."

"आभारात आहे की."

"आभारात कर्मचारी आहेत. त्यांना विचारा मग."

घरी माझा लेक घाबरला. "कशाला वाकड्यात शिरतेस? नोकरी जाईल."

"तू गप्प बस," मी म्हणाले. "तुझं काय गाळलं त्यांनी?"

तीन दिवस ही कामावर जायची, नळ्या धुवायची, विरजणाचं नाव काढायची नाही. साहेब दाराशी येऊन खाकरून परत जायचे. चौथ्या दिवशी चौथं पत्र आलं. मग साहेबांनी कागद पुढं सरकवला, वर हिचं नाव लिहिलेलं. तेव्हा हिनं पायरी लिहून दिली.

दुरुस्ती छापून आली. "अनवधानाने एक पायरी राहून गेली." नावं आता पाच, हिचं शेवटचं. अनवधान म्हणजे काय, मी विचारलं. लक्ष नसणं, ती म्हणाली.

नऊ वर्षं लक्ष नव्हतं म्हणे.

"जाऊ द्या, आई. नाव तर आलं."

तिनं खुशाल जाऊ द्यावं. माझ्या चापटीतून निघालेली पायरी आहे ती, आणि पाचवं नाव मला पुरत नाही.