अकरा दिवस गिळलेलं वाक्य

माझ्या धाकट्या जावेला मी अकरा दिवस घाबरवून ठेवलं आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी डोळे कधी पुसते याची वाट कोणी बघायला नको.

उत्तनच्या बाजूला आमचं कोळ्यांचं घर. नारळी पौर्णिमेला दर्याचा नारळ ताटात घेऊन किनाऱ्यापर्यंत थोरल्या सुनेने जायचं, ही घरची रीत. सासूबाई गेल्यावर ताट माझ्याकडे आलं. मी पालिकेच्या शाळेत शिकवायचे, मासळी मला कधी धड निवडता आली नाही. पण त्या एका संध्याकाळी अख्खी आळी माझ्या मागून चालायची. तेवढाच माझा तोरा.

मग डोळे गेले. पूर्ण नाही, कडेचं दिसतं, मधोमध डाग. आणि एक दिवस त्या डागात बायका आल्या. बोंबील वाळत घालायच्या बांबूंखाली पाच-सहा जणी हिरव्या साड्या नेसून ओळीने बसलेल्या. वाऱ्याने माझा पदर डोक्यावर ठरत नव्हता, त्यांचे मात्र जागचे हलत नव्हते. बोलणं नाही, माझ्याकडे बघणं नाही. मूर्खपणा असा की हे मी जावेला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भगत दारात. "थोरलीला बाहेरचं लागलंय," असं ती आळीभर सांगून आली होती. मला पाटावर बसवून भगताने निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या आणि जावेने माझं डोकं त्या धुरावर दाबून धरलं. आधीच अधू डोळे! ते हात मी विसरलेले नाही.

भाईंदरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आजी, तुमचं डोकं ठणठणीत आहे. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू रिकामी जागा आपल्या मनाने भरतो. खूप जणांना असं दिसतं, वेडं ठरवतील म्हणून बोलत नाहीत." बसमध्ये मी ते घोकत आले. घरी तोंड उघडलं तर जाऊ मध्येच म्हणाली, "डॉक्टरला काय कलतंय? जिला असलं दिसतंय तिनं दर्याचा नारळ धरायचा न्हाय." घरातल्यांनी माना डोलावल्या. मग मीही ते वाक्य गिळलं. त्या वर्षी ताट तिच्या हातात, पुढच्या वर्षीही. मी मागून, काठी टेकत.

यंदा पौर्णिमेला अकरा दिवस उरले असताना ती भरदुपारी माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. तिचा मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनला घाबरत होती.

"कोनाला सांगू नको गो. भिंतीवर पोरं बसलीत. टोप्या घातलेली. हात लावला तर कोन न्हाय."

तिने दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं. तेच हात. डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "भगताला बोलावू? मिरच्या आहेत घरात."

ती रडायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ताट मला दे," मी म्हटलं, "आणि आळीसमोर सांग, थोरलीला काही झालेलं नव्हतं. मग तुला यावर इलाज सांगते."

अकरा दिवस ती भिंतीकडे पाठ करून जेवली.

पौर्णिमेला तिने सगळ्यांदेखत ताट माझ्या हातात दिलं. "थोरलीला काय बी झालं नव्हतं," ती पुटपुटली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेव्हा मोठ्याने म्हणाली.

आम्ही निघालो. किनाऱ्यावरच्या होड्यांत माझ्या हिरव्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या. जावेने माझं कोपर धरलं होतं.

"होडीवर बी पोरं हाईत गो," ती कुजबुजली. "आता तरी सांग."

"नारळ पाण्यात सुटू दे," मी म्हटलं, आणि पावलं आणखी हळू टाकू लागले.