पानात शेंदूर नव्हता

आमच्या वस्तीत अजूनही सांगतात, की रहाटणीच्या मिस्त्रीने पानातून शेंदूर घालून आमच्या गायकाचा आवाज घालवला. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते. मी होतो. पेटीवर मीच बसलो होतो. आता भाता ओढवत नाही, बोटं वळत नाहीत. निदान हे तरी नीट सांगून ठेवतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आकुर्डीत आमची गायन पार्टी होती, सगळे कामगार. गायक फाउंड्रीत, मी स्टोअरला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून जयंतीचे कार्यक्रम आम्ही गुरुवारी घ्यायचो. फाउंड्रीची वाळू आठवडाभर छातीत भरून घेणारा हा माणूस गाऊ शकायचा, कारण तो गळा तापवल्याशिवाय मांडवात पाऊल टाकत नसे.

मांडवामागे सावली बघून तो उकिडवा बसायचा. मी पेटीवर एक खालचा सूर धरायचो. तोंड मिटून तो त्या सुरात नुसता घुमत राहायचा. बऱ्याच वेळाने तोंड उघडायचं, मग एकेक पायरी वर. मध्येच खाकरणं, गरम पाण्याचा घोट, परत खाली. भाता मारून माझं मनगट भरून यायचं. तिकडे लोक टाळ्या वाजवून घाई करायचे. मला त्या वेळाचा कंटाळा होता. पार्टी माझ्या पेटीवर चालते, असं मला वाटायचं.

त्या गुरुवारी आमचा रहाटणीच्या पार्टीशी सामना होता. त्यांचा गायक म्हणजे हा मिस्त्री, स्कूटर दुरुस्त करणारा. त्याच दिवशी नेमकी कंपनीने फाउंड्री चालू ठेवली. आमचा माणूस ओव्हरटाइम करून तसाच आला, भुवयांवर वाळू, डोळे लाल. तोवर मिस्त्रीने वरच्या पट्टीत गाऊन मांडव डोक्यावर घेतला होता.

आपलं गाणं संपवून मिस्त्री मांडवामागे आला. आमच्या गायकाकडे बघून म्हणाला, "काय हालत करून आलात, राव! घ्या, पान खा. गळा तापू द्या आरामात. तोवर आम्ही आणखी एक गातो."

"गातोय तर गाऊ दे की," गायक मला म्हणाला. "माझा गळा अजून उठला न्हाई."

"काही गरज नाही," मी मिस्त्रीला म्हणालो. मला तो टोमणा वाटला होता.

मिस्त्री हसला. "भाऊ, थंड इंजिन पहिल्या किकला पळवू नये."

"आमचं इंजिन आम्ही बघतो."

तो गेल्यावर गायक परत म्हणाला, "पट्टी तरी खाली ठेव."

"लोक म्हणतील घाबरला," मी म्हणालो, आणि मांडवात बसल्यावर नेहमीची पट्टी सोडून काळी चार धरली. मिस्त्रीच्याही वर. गायकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गायला.

दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. त्याने खाकरून पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. मी पट्टी उतरवू शकत होतो. उतरवली नाही. तिसऱ्यांदा त्याने जोर लावला आणि मग नुसती हवा आली.

टेम्पोतून परत येताना कोणीतरी विचारलं, "पान कुणी दिलं होतं याला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्रीने," मी म्हणालो. एवढंच बोललो. ते खरं होतं, म्हणून बोलायला सोपं गेलं. टेम्पो आकुर्डीला पोचेपर्यंत पानात शेंदूर आलेला होता.

डॉक्टरांनी सूज आहे म्हणून सांगितलं, गळ्याला विश्रांती द्या म्हणाले. फाउंड्रीत कसली विश्रांती? बोलण्यापुरता आवाज परतला, गाण्याचा नाही. तो मागे कोरसमध्ये टाळ्या द्यायला बसू लागला. एकदा चहा पिताना म्हणाला, "शेंदूरच आसंल, न्हाई का?" त्याला माझ्या तोंडून काय ऐकायचं होतं, मला अजून कळलेलं नाही. मी "असेल" म्हणालो.

मिस्त्रीला आमच्या वस्त्यांतून बोलावणं बंद झालं. गाड्या दुरुस्तीला यायच्या, पण चहासुद्धा कोणी त्याच्या हातचा घेत नसे. काही वर्षांनी मी गॅरेजवर गेलो, तेव्हा त्याने पानाचा डबा उघडून माझ्यापुढे सरकवला.

"तूच लाव," तो म्हणाला. "मी आता कुणाला लावून देत नाही." मग प्लग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "तू तर शेजारीच होतास ना, भाऊ?"

"लोकांचं काय, काहीही बोलतात," मी म्हणालो. पान लावलं, खाल्लं आणि गाडी घेऊन निघालो.

दोघेही आता नाहीत. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, म्हणून उरलेल्यांना सांगतो. त्या दुपारी मिस्त्रीने एकाच डब्यातून, एकाच हाताने दोन विडे लावले होते. कात, चुना, सुपारी, थोडी बडीशेप. एक त्याने गायकाला दिला. दुसरा मी खाल्ला.