चतुर्थीच्या चंद्रावर उतारा

आमच्या बोरिवलीच्या घरात चंद्राचा अर्थ माणसागणिक बदलतो. लेकीचा तो चांदोमामा. सासूबाईंसाठी तो म्हणजे संकष्टीला जेवायची परवानगी. नवऱ्याच्या डोक्यावर मागे जो उगवत चाललाय, त्यालाही आम्ही चंद्रच म्हणतो, तो घरात नसताना. गणेश चतुर्थीला मात्र चंद्र कोणाचा कोणी नाही. त्या संध्याकाळी तो दिसला की वर्षभरात चोरीचा खोटा आळ येतो म्हणतात.

आणि मी बाई नेमकी तेव्हाच गॅलरीत कपडे काढायला गेले. समोरच्या टॉवरच्या कडेला कोर. "अय्या, चंद्र," म्हणाले, तर मागे सासूबाई उभ्या.

मी सोन्याच्या दुकानात काउंटरवर असते. मागे आमच्यातल्या एकीवर अंगठीचा आळ आला. अंगठी डबीतच सापडली, पण नोकरी गेली ती गेलीच. सासूबाईंना हे ठाऊक, त्यामुळे त्यांचा चेहरा पडला. मी हसण्यावारी नेलं खरं, पण दोष कसा घालवायचा, ते मीच विचारलं.

"लोकांच्यो गाळी खाल्ल्यार दोष जाता," त्या म्हणाल्या. गावाला शेजाऱ्याच्या कौलांवर खडे मारायचे, तो बाहेर येऊन शिव्या घालायचा, झालं काम. इथे चौथ्या मजल्यावर कौलं कुठून आणू? शेवटी खालच्या काकांच्या खिडकीवरच्या पत्र्यावर आम्ही कुंडीतले खडे टाकले. हे काका पार्किंगवरून अख्ख्या सोसायटीचा उद्धार करतात. ते डोकावले, वर बघून म्हणाले, "काकी, काही पडलं का तुमचं? या ना, आरती सुरू होतेय." आम्ही मुकाट गेलो, आरती केली, मोदक खाऊन परत आलो. सणासुदीला धड शिवी मिळेल तर शपथ.

"मगे मीच घालतंय," म्हणत सासूबाईंनी पदर खोचला. आळशी, उंडगी इथपासून सुरुवात झाली. मी हसत होते. मग त्यांना जोर चढला. "माझो तांब्याचो मोदकाचो टोप तूच म्हायेराक धाडलंस!"

माझं हसू गेलं. "आई, मी त्या टोपाला हातसुद्धा लावला नाही."

त्यांनी खोचलेला पदर सोडला. मग चेहरा हळूहळू खुलला. "म्हणजे खोटो आळ इलो तुझ्यार. सुटलंस गो." आणि निवांतपणे पानं घ्यायला गेल्या.

दुकानाची भीती माझीही गेली. पण मनाला लागलं ते लागलंच. जेवताना विचारलं, "आई, किती वर्षं वाटत होतं तुम्हाला असं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या मोदकावर तूप वाढत राहिल्या, मी पुरे म्हटल्यावरही.