उशिरा आलेला घोडा

निजामपुऱ्यातून अंबाडीला निघालेल्या रिक्षात माझ्या शेजारी पांढऱ्या मिशांचे एक काका बसले होते. त्यांच्या मांडीवर तेलरंगातलं जुनं चित्र होतं, शर्यतीच्या एका उमद्या घोड्याचं. खड्डा आला की ते घोड्याच्या मानेवर हात ठेवायचे.

“घरात लावणार?” मी विचारलं.

“बायकोला देनार. लग्नाला मी टेम्पोतून गेलतो. घोडा न्हाय आनला, म्हनून ती अजून बोलते.”

अंबाडी नाक्यावर काकू उभ्या होत्या. चित्र छातीशी धरून काका नवरदेवाच्या ऐटीत उतरले. काकू बघतच राहिल्या, मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

“आता मिरवा मला गावातून,” त्या म्हणाल्या.

चौकटीचं एक टोक त्यांनी धरलं, एक काकांनी. भर बाजारातून दोघं सावकाश निघाले, आणि समोरून येणारी माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती.