कोरड्या बाटल्या

चांगुणाबाईंच्या पायाला भिंगरीच होती. सायखेड्याच्या बाजूला सत्तावीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून वस्त्या तुडवल्या, निवृत्त झाल्या, तरी घरी बसवेना. म्हणून यंदा मे महिन्यात नाशिकला गंगापूर रोडवरच्या निवासी गणित शिबिरात त्या सिस्टर म्हणून रुजू झाल्या. खोलीत बसा, मूल आजारी पडलं की गोळी द्या, एवढंच काम. पण मूल आजारी पडायची वाट बघत बसायचं म्हणजे त्यांचा जीव नुसता वरखाली.

त्यांनी पहिल्याच दिवशी नियम काढला. सकाळी प्रत्येकाने मोठी बाटली भरून घ्यायची आणि संध्याकाळी ती सगळ्यांसमोर उलटी धरून दाखवायची. पाणी सांडलं की बोलणी बसलीच. सटाण्याची तेरा वर्षांची अंजली या तपासणीत रोज पहिली. किडकिडीत, अबोल पोर, पण बाटली कोरडी ठणठणीत. बाईंनी तिला तीनदा शाबासकी दिली.

दहाव्या दिवशी तीच अंजली फळ्यापुढे गणित सोडवता सोडवता कोसळली.

डॉक्टर येऊन तपासून गेले. अंगात पाणी कमी, त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग आणि ताप. "पाणी कमी? हिला?" बाईंचा विश्वासच बसेना. शिबिराचे व्यवस्थापक योगेश सर दारातच उभे राहिले. "वडिलांना बोलावून घेतो. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

अंजली ताडकन उठून बसली. "माले घर नका धाडू, सर. मी बरी शे." वडिलांनी महिनाभर नन्नाचा पाढा लावून मग कसंबसं सोडलं होतं. अर्ध्यातून परत गेली, की पुन्हा कुठे पाठवणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तासाभराने फोन करतो," म्हणून सर गेले. बाईंना बसवेना. त्या स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा फिल्टर बघून आल्या, व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या, मग मुलींच्या वर्गामागे गेल्या. तिथे भर उन्हाळ्यात मोगरा हिरवागार होता आणि खिडकीखालची माती ओली. बाई तशाच अंजलीच्या खाटेपाशी परतल्या.

"अंजे, पाणी मोगऱ्याला घालत व्हतीस?"

अंजलीने मान डोलावली.

"का गं बाई?"

"पाणी पिलं की जावं लागतं." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलींच्या संडासाची कडी तुटलेली. एक आत गेली की दुसरीने बाहेरून दार धरायचं, अशी पोरींची रीत पडून गेली होती. अंजलीने तोंड उघडलं की नाशिकची चैताली तिच्या बोलण्याची नक्कल करायची आणि बाकीच्या खिदळायच्या. "मनं दार कोन धरी, ताई?"

बाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. रोज साठ बाटल्या उलट्या करून पाहिल्या आणि संडासाचं दार एकदाही ढकलून पाहिलं नाही! जाणार कशाला? त्यांना कर्मचाऱ्यांचा वेगळा, कडीवाला संडास होता ना.

त्या तरातरा ऑफिसात गेल्या. "फोन लावायचा तर लावा, सर. पण पोरीची चूक सांगू नका. माझी सांगा. आणि कडीची तुमची."

योगेश सरांचा चेहरा पडला. "सुतार सोमवारी येईल," ते पुटपुटले.

"आणि तवर?"

"तोवर... बघा तुम्हीच."

"मंग ऱ्हाऊ द्या तिला. मी हाय."

सरांनी फोन खिशात ठेवला.

दोन दिवसांनी ताप उतरला. मधल्या सुट्टीत बाई अंजलीला घेऊन गेल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. अंजली बाहेर आली तेव्हा मागे चैताली एकटीच उभी होती, ओठ दाबून, पायात पाय घट्ट आवळून. तिची जोडीदारीण कालपासून तिच्याशी बोलत नव्हती.

"सिस्टर, माझंही धराल?"

बाई दाराकडे वळल्या, तोवर अंजलीचा हात तिथे पोचला होता.

"तुम्ही ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली. "मी धरस."