एका दमात उघडलेले दार

सोमवारी सकाळी दहा वाजता मी कालव्याच्या यंत्रणेच्या नोंदी संगणकावर उघडल्या. सणसरजवळ कालव्यातून निघणाऱ्या फाट्याचे दार आदल्या दिवशी दुपारी एक वाजून सतरा मिनिटांनी अठरा सेंटिमीटर उघडल्याचे त्यात दिसले. बारा मिनिटांनी ते पुन्हा मिटले होते. ज्याच्या नावाने हुकूम गेला, तो पाटकरी, म्हणजे कालव्याची दारे सांभाळणारा माणूस, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता. कालवा जवळजवळ कोरडा असल्याने कोणाला काही कळले नव्हते.

बारामतीच्या त्या सरकारी कार्यालयात मी सायबर सुरक्षा विश्लेषक होते. पदाचे नाव मोठे आहे. रोजचे काम म्हणजे संशयास्पद ईमेल अडवणे, पेनड्राइव्ह तपासणे आणि कीबोर्डखाली चिकटवलेले पासवर्ड फाडून टाकायला लावणे. त्याआधी तीन वर्षे मी एका वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात काढली होती. एकाच ठिकाणाहून आलेली गोष्ट खरी धरायची नाही, ही तिथली सवय सुटली नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर फाट्यांची दारे मोटारीवर आली होती. कार्यालयातून किंवा पाटकऱ्याच्या मोबाइलवरून हुकूम दिला की दार हलते. कोणाच्या नावाने आणि किती, याची नोंद होते. मागच्या पंधरवड्यात निवृत्त पाटकऱ्याच्या नावावर बऱ्याच नोंदी होत्या. त्या आमच्याच लोकांच्या की परक्याच्या, हे सांगता येत नव्हते. मोबाइलचा इंटरनेट पत्ता रोज बदलतो.

कार्यकारी अभियंत्यांनी कागद वाचून चष्मा काढला.

"बाहेरचा माणूस आत शिरलाय?"

"असू शकतो, सर."

"असू शकतो, यावर मी काय आदेश काढू? बुधवारी सकाळी सहाला पाणी सोडायचंय. उद्या चारपर्यंत खात्रीने सांगा. नाहीतर मोटारी बंद, सगळी दारं हाताने."

त्यांचे चुकत नव्हते. भरल्या कालव्यावर परक्या माणसाने दार उघडले तर फाट्याचा भराव फुटला असता. पण हाताने दारे चालवायला माणसे पुरी नव्हती. उन्हाळी पाणी आधी शेवटच्या टोकाला द्यायचे, मग वर सरकत यायचे, असा नियम आहे. माणसे कमी पडली की वरची दारे वेळेत मिटत नाहीत आणि टोकाला ओल पोचते, पाणी पोचत नाही.

दुपारी इंदापूर तालुक्यातल्या त्या टोकावरून फोन आला. तिथल्या पाणी वापर संस्थेच्या अध्यक्ष एक बाई आहेत. भाजीपाला आणि कलिंगडे करतात.

"मॅडम, बुधवारी पानी सुटतंय न्हवं? शेततळ्यात नुसता गाळ राह्यलाय. मिरची अजून आठ दिस दम धरंल, नववा न्हाय."

"सुटेल. दारं कदाचित हाताने चालवावी लागतील."

"मग सुटलं काय आन् न्हाय सुटलं काय. गेल्या उन्हाळ्यात हातानंच चालीवली हुती. आमी कालव्यात उतरून किरकेट खेळलो."

मंगळवारी सकाळी कार्यालयाची जीप घेऊन मी सणसरला गेले. निवृत्त पाटकरी आबा घरामागे उसाच्या कडेला फवारणीचा पंप उघडून बसले होते.

"आबा, रविवारी दुपारी तुमच्या नावानं दार उघडलं."

"माझ्या? रविवारी दुपारी मी पिंपळीला लग्नात पंगतीत बसलो हुतो. फोटू हाय, दावू का?"

"नको. पासवर्ड कोणाकोणाला दिला होता?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. लपवण्यासारखे त्यांना त्यात काही वाटत नव्हते. जुन्या दारांना लोखंडी किल्ली होती. रजेवर जाताना ती शेजारच्या फाट्यावरच्या माणसाला द्यायची, निवृत्त होताना पुढच्याच्या हातात ठेवायची. किल्ली अडवून ठेवणारा माणूस हलका समजला जाई. मोटारी आल्या तेव्हा याद्या जुन्या होत्या, म्हणून आबांचे नाव यंत्रात चढले आणि पासवर्ड त्यांच्या मोबाइलवर आला. तोही किल्लीसारखाच हातोहात गेला. सात माणसे झाली. मग आठवे बोट.

"आन् त्यो कंपनीवाला. फोनवर म्हनला, दारापाशी हुबा हाय, मोटार दुरुस्त करायचीया."

"तुम्ही त्याला दारापाशी पाहिलंत?"

"फोनात मानूस दिसतोय व्हय, पोरी? दारापाशी हुबा असलेल्याला किल्ली न्हाय म्हनायची न्हाय, येवढं मला ठावं."

मी रविवारची नोंद पुढे केली. अठरा सेंटिमीटर म्हणजे किती, असे त्यांनी विचारले. साधारण दहा बोटे, मी म्हटले.

"एका दमात?"

"हो."

आबांनी पंप खाली ठेवला. "मग त्यो आमच्यातला न्हाय. आधी चार बोटं उघडायचं. मग धा-पंधरा मिन्टं गप बसायचं. पानी फाट्यात पसरू द्यायचं, भरावाची माती भिजू द्यायची. मग बाकीचं. कोरड्या फाट्यात एकदम लोंढा घातला तर भराव फुटून पानी लोकाच्या उसात."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिवायला कशाला पायजे? ज्याचा भराव फुटला त्याला इचार की."

ही एका माणसाची साक्ष झाली. दुसरी नोंदींमध्ये मिळणार होती. मी बारामतीला परतले आणि मोटारी बसल्या त्या दिवसापासूनची एकूण एक नोंद पाहिली. मोटारीला थांबायची गरज नाही. बटण दाबले की दार हवे तितके उघडते. तरी प्रत्येक वेळी आधी सात-आठ सेंटिमीटर, मग दहा ते पंधरा मिनिटे काही नाही, मग उरलेले. मोटारी आल्यावर नोकरीला लागलेली पोरेही तसेच करत होती. तीन नोंदी मात्र वेगळ्या होत्या. तिन्ही आबांच्या नावाने, तिन्ही दुपारी एक ते दोनमध्ये, तिन्ही एका दमात अठरा सेंटिमीटर.

पावणेचारला मी दोन पानांचा अहवाल साहेबांपुढे ठेवला. दुसऱ्या पानावरच्या तीन नोंदींवर त्यांनी बोट ठेवले.

"मी नवा होतो तेव्हा एकदा दार फिरवायला घेतलं. पाटकऱ्यानं माझं मनगट धरलं. चार बोटं, साहेब, म्हणाला." त्यांनी वर पाहिले. "तीनच?"

"तीनच. आत शिरलेला एकच आहे आणि त्याला दार उघडता येत नाही."

"पुन्हा आला तर?"

"एका हुकमात आठ सेंटिमीटरपेक्षा जास्त यंत्र घेणारच नाही. पुढचा हुकूम दहा मिनिटांनी. कोणी मोडायला गेलं तर माझ्याकडे घंटा वाजेल."

"मोटारी चालू ठेवा," ते म्हणाले आणि सही केली.

हा नियम यंत्रात बसायला तासभर लागला. पाच वाजता कामावर असलेले पाटकरी सभागृहात जमले. आबांचे नाव यंत्रातून काढले आणि प्रत्येकाला स्वतःचा नवा पासवर्ड दिला. कोणालाही सांगायचा नाही, असे मी म्हटल्यावर मागून आवाज आला.

"बायकोला बी न्हाय?"

"त्या दार उघडायला जाणार असतील तर त्यांना वेगळा देऊ."

"द्या मग. तशी बी माज्यापरीस तीच जास्त बघती फाट्याचं."

बुधवारी सकाळी सहाला पाणी सुटले. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कोणीतरी आबांच्या नावाने तीनदा आत यायचा प्रयत्न केला. यंत्राने तीनदा नकार दिला. मी डबा बाजूला सारला. अकरा मिनिटांनी दुसऱ्या नावाने प्रवेश झाला. ते नाव रजेवर मोरगावला गेलेल्या पाटकऱ्याचे होते. तो सभेला नव्हता आणि त्याचा जुना पासवर्ड बंद करायचा राहिला होता. आबांसारखाच त्यानेही तो फोनवर कोणाला तरी सांगितला असावा. खाते उघडे राहिले ही चूक माझी. अहवालात ती तशीच लिहिली आहे.

हुकूम आला: सणसरचे दार, अठरा सेंटिमीटर. भरल्या कालव्यावर.

घंटा वाजली. यंत्राने हुकूम फेटाळला. मी ते खाते बंद केले आणि दारावरच्या पाटकऱ्याला फोन लावला.

"दार हललं का?"

"न्हाय मॅडम. जाग्यावर हाय. का, हलवायचं हुतं?"

"अजिबात नाही."

साहेब माझ्या खोलीत येऊन पडद्यावरची ती लाल ओळ पाहत उभे राहिले. मग बाहेर जाऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "चोर आला होता. दार त्याला हललं नाही." लिपिकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कार्यालयात मी त्याआधी निरोप समारंभाखेरीज टाळ्या ऐकल्या नव्हत्या. नोंदी त्याच संध्याकाळी सायबर पोलिसांकडे गेल्या. तपास त्यांचा आहे. पाणी सोडण्याच्या त्या पाळीत पुन्हा कोणी आत यायचा प्रयत्न केला नाही.

शुक्रवारी दुपारी मी इंदापूरकडच्या टोकाला गेले. वरची सर्व दारे ठरल्याप्रमाणे मिटलेली होती. संस्थेची दहा-बारा माणसे शेवटच्या दारापाशी मोजपट्टीवर नजर लावून उभी होती. आधी पालापाचोळा आला, मग गढूळ पाणी, आणि तासाभरात पाणी मोजपट्टीच्या वरच्या खुणेला टेकले. गेल्या उन्हाळ्यात ते खालच्या खुणेलाही लागले नव्हते.

अध्यक्ष बाई चपला हातात घेऊन काठावर उतरल्या, खूण हाताने चाचपून आल्या.

"पुरं हाय," त्यांनी वर पाहून सांगितले. मग मला म्हणाल्या, "तुमी काम्पुटरात काय केलं त्ये सांगू नगा, मला कळायचं न्हाय. रात गेली की मिरचीकडं बघायला या."

मी शनिवारी सकाळी गेले. शेततळे काठोकाठ भरत आले होते आणि बाई मिरचीच्या सऱ्यांमधून ठिबकच्या नळ्या तपासत चालल्या होत्या. प्रत्येक रोपाशी ओला काळा ठिपका पडला होता.